मर्जी कुणाची?

(मुरुड, जि. लातूर इथल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

आजच्या बोलण्याचा विषय मी निवडलेला नाही. तो एका मुलीनं मला दिला. मागच्या बैठकीला ती आली होती. लातूरला क्लास लावून परीक्षेची तयारी करतेय, सुट्टीला घरी आलेली. बैठक संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, जगात असा एक धर्म आहे म्हणे, ज्याचा नियमच असा की ज्यानं त्यानं आपल्या इच्छेप्रमाणं जगावं. थेलेमा म्हणतात त्याला. आपल्याकडं असं काही का नाही?” मी तिला म्हटलं, वाचून सांगते. वाचायला लागले आणि ते वाचन मला फिरवून फिरवून इथंच घेऊन आलं. तेरला, कोल्हापूरला, शिऊरला, माझ्या आजीच्या ओसरीवर. म्हणून आज जरा लांबचं आणि जरा जवळचं, दोन्ही बोलणार आहे.

आधी एक गोष्ट तुमच्या ओळखीची. आपल्याकडं बाईची इच्छा दोनदा विचारतात. एकदा डोहाळे लागल्यावर आणि एकदा ती मरायला टेकल्यावर. पहिल्या वेळी इच्छा पोटातल्या बाळाची समजतात, दुसऱ्या वेळी ती पुरवायला कुणाला फारसं अवघड नसतं. मधली सगळी वर्षं कुणी विचारत नाही. मधल्या वर्षांत आपण म्हणतो, “यांना विचारते.” आणि धर्माच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. देव सासरचा, कुळाचार सासरचा, उपास सासूनं सांगितलेला. माहेरचा देव लग्नात मागे राहतो. एका रात्रीत बाईचं नाव बदलतं तसा देवही बदलतो, आणि त्याला कुणी धर्मांतर म्हणत नाही.

आता त्या मुलीचा थेलेमा. हा ग्रीक शब्द, अर्थ इच्छा. पंधराशे चौतीसच्या, म्हणजे १५३४ च्या सुमाराला राबले नावाच्या फ्रेंच लेखकानं आपल्या एका विनोदी पुस्तकात या नावाचा एक मठ रंगवला. तो स्वतः मठात राहिलेला माणूस, तिथल्या घंटा आणि नियमांना विटलेला. त्याच्या मठात सगळं उलटं. बायका आणि पुरुष एकत्र राहणार, भिंती नाहीत, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा बाहेर पडावं, लग्न करावं. नियम एकच, मनाला येईल तसं वागा. वाचताना मलाही बरं वाटलं. मग पुढं कळलं की या मठात प्रवेश कुणाला? देखण्या, घरंदाज, शिकलेल्या लोकांना. आणि त्यांचे कपडे, दागिने, भरतकाम? त्यासाठी मठाशेजारी घरांची लांब रांग आहे, तिथं शिंपी, सोनार, कशिदा काढणारे राहतात. त्या रांगेतल्या लोकांना काय वाटेल ते करायची मुभा होती का, हे राबले सांगत नाही. बहुधा त्याला तो प्रश्न पडलाच नसावा.

पुढं अलिस्टर क्रोली नावाच्या इंग्रज माणसानं १९०४ साली या शब्दाचा धर्म केला. तो नवी बायको रोझ हिच्याबरोबर कैरोला गेला होता. तिथं रोझ काहीतरी विलक्षण बोलू लागली, कुणीतरी तुझी वाट पाहतंय असं तिनं नवऱ्याला सांगितलं, तिथल्या संग्रहालयातली एक जुनी रंगवलेली पाटी दाखवली. मग एप्रिलच्या तीन दिवसांत त्यानं एक छोटा ग्रंथ लिहून काढला. तो आपल्याला ऐकू आला असं त्याचं म्हणणं. त्या ग्रंथातला मुख्य विचार असा की प्रत्येक माणसाची, मग ती बाई असो की पुरुष, आपली एक खरी इच्छा असते. ती ओळखायची आणि त्याच वाटेनं चालायचं. यात लहर आणि इच्छा यांत फरक केलेला आहे. आज मिसळ खावीशी वाटली ही लहर झाली. इच्छा म्हणजे आपण ज्यासाठी आहोत ते. ती शोधायला शिस्त लागते, मेहनत लागते असंही तो सांगतो. विचार म्हणून हा मला काही वाईट वाटत नाही. बाई आणि पुरुष दोघांनाही स्वतःची वाट आहे असं १९०४ साली धर्मग्रंथात लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण मैत्रिणींनो, मी बाई आहे, मी पहिल्यांदा घर बघते. १९२० साली या क्रोलीनं इटलीत, सिसिली बेटावर चेफालू गावात एक घर घेतलं आणि त्याला राबलेच्याच मठाचं नाव दिलं. बरोबर लीआ हिरसिग नावाची शिक्षिका होती, तिला त्यानं आपल्या पंथातलं मोठं पद दिलं होतं, जवळजवळ देवीचं. मुलं सांभाळायला म्हणून आलेली निनेट नावाची दुसरी बाई होती. घरात पैशाची ओढ, व्यसनं, भिंतींवर चित्रं, रोज पूजाविधी. लीआची लहानगी मुलगी आजारी होती. त्याच वर्षी ती गेली. क्रोलीलाही दुःख झालं, ते खोटं नव्हतं. १९२३ साली मुसोलिनीच्या सरकारनं त्याला देशाबाहेर काढलं. पुढल्याच वर्षी देवीच्या पदावर दुसरी बाई आली. आणि रोझ? जिच्या बोलण्यातून हा धर्म निघाला, तिचा १९०९ साली घटस्फोट झाला आणि दोन वर्षांनी दारूपायी तिला इस्पितळात ठेवावं लागलं. तिची पहिली मुलगी त्याआधीच, १९०६ साली रंगूनला विषमज्वरानं गेली होती.

मी हे त्या धर्माला नावं ठेवायला सांगत नाही. आज जगात हा धर्म मानणाऱ्या बायका आहेत आणि त्या या सगळ्यावर आपल्या लोकांशी भांडतातही. मला एवढंच दिसलं की ग्रंथात दोघांची इच्छा सारखी होती आणि घरात तशी नव्हती. आणि हे वाचताना मला एकदम तेर आठवलं.

तेर इथून जवळ. गोरोबाकाकांचं गाव. आपल्यातल्या बऱ्याच जणी तिथं जत्रेला जाऊन आलेल्या आहेत. गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी पुन्हा सांगते, कारण आपण ती नेहमी गोरोबांच्या बाजूनं ऐकतो. बायको पाण्याला निघाली. जाताना नवऱ्याला म्हणाली, लेकराकडं बघा. गोरोबा चिखल तुडवत होते, मुखी विठ्ठलाचं नाम, तंद्री लागलेली. लेकरू रांगत आलं आणि चिखलात तुडवलं गेलं. ती घागर घेऊन परत आली आणि तिनं हंबरडा फोडला, विठ्ठलाला बोल लावला. भक्ती मोडली म्हणून गोरोबा चाकाची काठी घेऊन तिलाच मारायला धावले. तेव्हा ती म्हणाली, मला हात लावाल तर विठ्ठलाची आण. झालं. त्यांनी तिला पुन्हा हात लावला नाही. मग वंश कसा चालणार म्हणून तिनंच आपल्या सख्ख्या बहिणीला सवत करून आणलं. सासऱ्यानं दोघींना सारखं वागवा म्हटलं, म्हणून गोरोबा दोघींपासूनही दूर राहिले. पुढं हात तोडून घेणं, पंढरपूर, नामदेवांचं कीर्तन, हात परत येणं, लेकरू परत येणं.

शेवट गोड आहे. कीर्तनकार तो रंगवून सांगतात आणि आपणही डोळे पुसतो. मी लहानपणी आईच्या मांडीवर ही गोष्ट ऐकली आणि आईनं मधेच एक शब्द टाकला होता तो मला अजून आठवतो. ती म्हणाली, “पाण्याला तिलाच जावं लागलं ना.” बस्स, एवढंच. पुढं कीर्तन ऐकू लागली. आई कुठल्या शिबिराला गेलेली नव्हती.

चेफालू आणि तेर यांत सातशे वर्षांचं नि सात समुद्रांचं अंतर. एक माणूस संत, दुसऱ्याला त्याच्या देशातल्या वर्तमानपत्रांनी सैतान ठरवलेलं. दोघांना मी एका मापानं मोजत नाही, गोरोबांना तर मुळीच नाही. पण दोन्हीकडं पुरुष आपल्या आतल्या हाकेमागं निघाला तेव्हा पाणी कुणी आणायचं, लेकरू कुणी बघायचं, हे आधीच ठरलेलं होतं. आणि त्या बाईनं तोंड उघडलं की ती धर्माच्या आड आली.

मग मला वाटलं, बाई आपल्या आतल्या हाकेमागं निघाली तर काय होतं? याचं उत्तर आपल्या मराठवाड्यातच लिहून ठेवलेलं आहे. बहिणाबाईंनी. खानदेशातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हे, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई. वेरूळजवळच्या देवगावचा त्यांचा जन्म, साल १६२८. वडील कुलकर्णी. तीन वर्षांची असताना लग्न, नवरा तिशीतला बिजवर, पौरोहित्य करणारा. भाऊबंदकीत घर सुटलं आणि हे कुटुंब गावोगाव हिंडत कोल्हापूरला पोचलं. तिथं मुलीला कीर्तनाची गोडी लागली. घरात एक गाय आली, तिला वासरू झालं. ते वासरू हिच्या मागंमागं कीर्तनाला जायचं. लोक कौतुक करू लागले, जयरामस्वामींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वय काय? अकरा-बारा. नवऱ्याच्या कानावर गेलं. त्यानं वेणी धरून तिला मारलं, बांधून घातलं. बहिणाबाईंनी हे स्वतः सांगितलेलं आहे. मराठीत बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेल्या जीवनकथांमधली ही अगदी सुरुवातीची. तिच्यात सतराव्या शतकातल्या मारहाणीची नोंद आहे आणि ती आपल्या केंद्रावर येणाऱ्या अर्जांपेक्षा फार वेगळी नाही.

पुढं ते वासरू मेलं. तिनं अन्न सोडलं, बेशुद्ध पडली, आणि त्यात स्वप्नात तुकोबा आले, त्यांनी मंत्र दिला. इथं खरी अडचण झाली. आपण ब्राह्मण, तुकाराम वाणी, शूद्र. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करायचं? आणि नवऱ्याचं आणखी एक दुखणं होतं, ते बहिणाबाईंनी मोठ्या नेमकेपणानं टिपलंय. लोक हिच्या पाया पडायला येतात, मला वेदपाठी ब्राह्मणाला कुणी विचारत नाही. बायकोचा मान वाढला म्हणून ज्यांच्या घरात वादळ झालं अशा किती सरपंच बायका आपण पाहिल्या, मोजा. तो म्हणाला, मी घर सोडून तीर्थाला जातो. ती तीन महिन्यांची गरोदर होती. निघायच्या वेळी तोच आजारी पडला. हिनं रात्रंदिवस उशाशी बसून सेवा केली. बरा झाला तेव्हा त्याचं मन बदललं होतं आणि सगळे मिळून देहूला गेले. तिथं मंबाजीनं छळलं, पण तुकोबांचं दर्शन आणि कीर्तन मिळालं.

आता आपल्या चळवळीत बहिणाबाईंवर एक आक्षेप घेतात आणि मीही घेतला आहे. त्यांनी पतिव्रतेचे अभंग लिहिले. नवरा टाकून जाणार म्हटल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं की पतीची सेवा हाच देव. मग कसली बंडखोर? एका अभ्यासवर्गात मी अगदी तावातावानं हे बोलले होते. आज मी जरा थांबते. त्या बाईकडं काय होतं? वय कोवळं, पोटात मूल, परका मुलूख, नवरा निघून गेला तर दारोदार भीक. तिनं नवऱ्याशी तह केला. सेवा दिली, पण गुरू सोडला नाही. एवढं मार खाऊन तुकोबांचं नाव तिनं एकदाही परत घेतलं नाही. आणि याच बाईनं पुढं वज्रसूची हा जातीच्या श्रेष्ठपणावर घाव घालणारा संस्कृत ग्रंथ मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोण, जन्मानं की कशानं, हा प्रश्न ब्राह्मणाच्या बायकोनं विचारला. स्त्रीचा जन्म म्हणून वेद ऐकायला मिळत नाहीत ही खंतही तिनं लपवली नाही. १७०० साली शिऊरला तिचा देह पडला, सत्तरी ओलांडून. तिची इच्छा किती खरी होती हे तिनं किती सोडलं यावरून मोजायचं की काय धरून ठेवलं यावरून? मला वाटतं आपण पहिलं मोजतो, कारण ते सोपं आहे.

तह करायचं नाकारलेल्याही झाल्या. इथून निलंगा, उमरग्याच्या अंगानं गेलं की सीमेपलीकडं बसवकल्याण. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी तिथं अनुभवमंटप भरवला, त्यात जातीजातींच्या बायका बसत, वचनं रचत. तीसहून अधिक स्त्रियांची वचनं आजही मिळतात. अक्कमहादेवी त्यातली सर्वांत मोठी. परंपरा सांगते की राजा कौशिकानं तिला मागितलं, तिनं अटी घातल्या, त्यानं मोडल्या, तशी ती अंगावरचं वस्त्रही टाकून केसांनिशी चालत निघाली. कल्याणला आल्यावर अल्लमप्रभूंनी तिला भर सभेत उलटसुलट विचारलं. तुझा नवरा कोण, वस्त्र टाकलंस तर केसांनी अंग का झाकतेस? तिनं उत्तरं दिली, सभेनं मानलं. पण पुरुष शरण आले त्यांना असं कुणी विचारल्याचं मी वाचलेलं नाही.

आणि मला अक्कापेक्षाही जवळची वाटते ती आयदक्की लक्कम्मा. नवरा-बायको सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करायचे. एके दिवशी नवऱ्यानं बसवण्णांच्या अंगणातून जरा जास्तच तांदूळ आणले. ती म्हणाली, गरजेपेक्षा हे जास्त आहेत, परत टाकून या. राजवाडा नाही, जंगल नाही, सोडून जाणं नाही. घरात राहून, हातात सूप धरून तिनं धर्म म्हणजे काय ते नवऱ्याला ठरवून दिलं.

हे मी कौतुकानं सांगते कारण मी लिंगायत घरातली. माझ्या आजीच्या गळ्यात इष्टलिंग होतं. रोज सकाळी आंघोळ करून ती तळहातावर लिंग घेऊन बसायची, मधे भटजी नाही, जंगम नाही, आजोबाही नाहीत. ती आणि तिचा देव. घरात तेवढा वेळ तिला कुणी हाक मारायचं नाही. लिंगायत तत्त्वात पाच सुतकं मानत नाहीत, त्यात पाळीचंही आलं. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी हा प्रश्न निकालात निघाला होता. पण माझी काकू चार दिवस ओसरीवर बसायची. मी आजीला विचारलं, आपल्यात तर सुतक नाही ना? आजी म्हणाली, “शेजारी काय म्हणतील?” तत्त्व गळ्यात बांधलेलं होतं, ओसरी शेजाऱ्यांची होती. आणि खरं सांगायचं तर ते लिंगही आजीनं मागून घेतलेलं नव्हतं. जन्मल्यावर बांधलं होतं. तरी त्या सकाळच्या अर्ध्या तासात मी आजीइतकी मोकळी बाई दुसरी पाहिली नाही. याचा हिशेब मला अजून नीट लावता आलेला नाही.

पंडिता रमाबाईंबद्दल थोडक्यात बोलते, त्यांच्यावर आपण स्वतंत्र सत्र घेऊ. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. इथल्या लोकांनी त्यांना धर्मबुडवी म्हटलं ते आपल्याला माहीत आहे. पण तिकडं काय झालं हे कमी सांगितलं जातं. ज्या जोगिणींनी त्यांना धर्म दिला त्यांच्याशीच त्यांचं पत्रांतून कडाक्याचं भांडण झालं. चर्च सांगतं म्हणून मी एखादं तत्त्व मानणार नाही, माझ्या बुद्धीला पटलं तर मानीन, हा त्यांचा हट्ट. क्रॉसवरची अक्षरं लॅटिन कशाला, संस्कृत का नकोत, यावरूनही त्या अडल्या. जुना धर्म सोडताना वापरलेली बुद्धी नव्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायला त्या तयार नव्हत्या. पुढं १८८९ साली त्यांनी शारदासदन काढलं. तिथल्या काही विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली गहजब झाला आणि रानडे, भांडारकरांसारखी सुधारक माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. सगळे एकमेकांना विचारत होते की या मुलींना कुणी फूस लावली. मुलींना कुणी विचारलं नाही.

१९५६ च्या दीक्षेबद्दलही मला हेच विचारावंसं वाटतं आणि ते मी आदरानं विचारते. नागपूरला १४ ऑक्टोबरला लाखोंनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म घेतला. पांढरी लुगडी नेसून आलेल्या बायका त्यात होत्या. इकडं आपल्या वस्त्यांतून देव्हाऱ्यातले देव गेले, मुरळी सोडणं बंद झालं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात चळवळीतल्या बायका शोधून काढून त्यांच्या तोंडून तो काळ लिहून घेतला, १९८९ साली. ते वाचलं की कळतं, त्या नवऱ्यांच्या मागं फरपटत गेल्या नव्हत्या. विचारायला कुणी गेलं म्हणून हे आपल्याला कळलं.

आणि आज? आज फूस हा शब्द जुना झाला, त्याच्या जागी नवे शब्द आलेत, अर्थ तोच. केरळातली हादिया, होमिओपॅथी शिकणारी चोवीस वर्षांची मुलगी. तिनं धर्म बदलला, लग्न केलं. २०१७ साली उच्च न्यायालयानं लग्न रद्द करून तिला आईबापांकडं पाठवलं. महिनोन्‌महिने ती घरात पहाऱ्यात होती आणि मिळेल त्याला सांगत होती की हे माझ्या मर्जीनं आहे. सर्वोच्च न्यायालयानं तिचं म्हणणं मान्य केलं ती तारीख ८ मार्च २०१८. महिला दिन. आपण इथं फुगडी घालत होतो. आपल्या राज्य सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुलींवर लक्ष ठेवायला समिती नेमली. आधी तिच्या नावात आंतरजातीयही होतं, ओरड झाल्यावर तेवढं काढलं. संविधानाच्या पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिलंय. सर्व व्यक्ती म्हणजे बापाची परवानगी असलेल्या व्यक्ती असं तिथं लिहिलेलं नाही.

हे सगळं बाहेरच्यांबद्दल झालं. आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल.

आमच्या गटात एक मावशी आहेत. शेतमजुरी करतात, खुरपणी, सोयाबीनची कापणी. गटाचं काम मन लावून करतात, पण आषाढी आली की त्या आठ-दहा दिवस नाहीत. दिंडीबरोबर बार्शीमार्गे पायी पंढरपूर. एका वर्षी नेमकी तेव्हाच आमची तालुक्याची बैठक होती आणि मी चिडून त्यांना चारचौघींत बोलले. म्हटलं, मावशी, तुम्ही इतकं ऐकता, शिकता आणि शेवटी त्या दगडामागंच जाता. त्या काही बोलल्या नाहीत. पान लावलं, तोंडात टाकलं. मग म्हणाल्या, “ताई, देव नसंल बी. तुमी म्हंता तर नसंल. पर तुमच्या बैठकीला यायला मला धन्याला इचारावं लागतं. वारीला इचारावं लागत न्हाई.”

मी गप्प झाले. वारीला कोण नाही म्हणणार? ती एकच वाट अशी आहे जिच्यावर बाई एकटी निघाली तरी गाव नावं ठेवत नाही. आमच्या मोकळेपणाच्या वाटेवर मात्र नवऱ्याची परवानगी लागत होती आणि ते आम्हाला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

पुढल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर दोन मुक्काम चालले. मला बघायचं होतं. फार भारावून जायला नको म्हणून डोळे उघडे ठेवून गेले. पुढं टाळकरी पुरुष, मागं तुळशी घेतलेल्या बायका. मुक्कामाला भाकरी थापायला बसल्या त्याही बायकाच. मनात म्हटलं, बघा, तेच. पण मावशी बसल्या नव्हत्या. झाडाखाली पाय पसरून निवांत. मी विचारलं, तुम्ही नाही? तर म्हणाल्या, “म्या भिशी भरलीय.” दिंडीच्या जेवणाचे पैसे त्यांनी आपल्या खुरपणीच्या रोजातून वर्षभर बाजूला टाकून आधीच भरले होते. घरच्यांना आकडाही माहीत नव्हता.

त्या मुलीला मी हेच सांगणार आहे, ती आज आली असेल तर. थेलेमाचं पुस्तक वाच, जरूर वाच. बहिणाबाई वाच, अक्का वाच. पण वाचताना भिशी कुणी भरली ते शोध. पाणी कुणी आणलं, लेकरू कुणापाशी होतं, आणि नको वाटलं तर त्या बाईला उठून जाता येत होतं का. मला त्याशिवाय दुसरी कसोटी सापडलेली नाही आणि तीही पुरी पडते असं मी म्हणत नाही. आजीच्या बाबतीत पडली नाही. वटसावित्रीला दोरा गुंडाळणारी तुमची मैत्रीण “मला आवडतं म्हणून करते” म्हणाली तर तिला खोटं पाडू नका. एवढंच विचारा, की नाही गुंडाळला तर काय होईल? तिच्या उत्तरानंतर बोलायला पुष्कळ असतं.

एक राहिलं. त्या मुक्कामाला मी मावशींना आणखी एक विचारलं होतं. तुम्ही इथं, मग घरी स्वयंपाक, म्हातारं माणूस, शेरडं कोण बघतं? “सून हाय की.” मग तिला कधी जायचंय वारीला? मावशी जरा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, “तिनं कधी इचारलं न्हाई.” म्हणून मी म्हटलं, मग तुम्ही विचारा. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत आणि तेवढ्यात भजन सुरू झालं.

सासू-सून दोघी आज आलेल्या आहेत, मागच्या बाजूला बसल्यात. मी त्यांना विचारूनच हे सांगितलं. पुढचं मी सांगणार नाही. चहा झाल्यावर सूनबाई स्वतः बोलणार आहेत, तेव्हा कुणी उठून जाऊ नका.